पंचफुलाबाईची क्रेन

पंचफुलाबाई माझ्या गॅरेजात पहिल्यांदा आली ती भांडायला. तिच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मी वेल्डिंग करून दिली होती. तिनं त्यात दुप्पट लाकूड भरलं, आणि घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत ट्रॉलीचा सांधा सुटला. आली तेव्हा माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तुटलेला सांधा हातानं चाचपला आणि बाकड्यावर चहा पीत बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाली, "याच्यापाशी गाडी आणसान तं लेकरंबाळं घरी ठेवून आणजा." चूक तिची होती, तरी काम तिनं फुकटात करून घेतलं. ते होईपर्यंत उन्हात उभी राहिली. मी म्हटलं, "बसा ना काकू." तर म्हणाली, "मागच्या खेपेस मी नव्हती उभी. पाह्यलं ना काय झालं थे."

ती वारून अजून फार दिवस झालेले नाहीत. तिच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधायला गेलं तर अख्ख्या तालुक्यात भेटणार नाही. मीही चांगलंच बोलेन असं नाही.

दिसायला ती एवढीशी होती. काळी, वाळकी, लुगड्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. आवाज कधी चढवायची नाही. शिवीसुद्धा अशी द्यायची की ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, आपली विचारपूस चालली आहे. बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहायची. मी एकदा कारण विचारलं. "तोंड खोटं बोलते," म्हणाली. "खोटं बोलताना माणूस पाय हालवते." जेवायला भाकर, हिरवी मिरची आणि कांदा. दुसरं काही ती खाताना मी पाहिलं नाही. कोणी डबा पुढे केला तर वास घेऊन परत करायची.

तिचा नवरा मोतीराम हा झाडं तोडणारा. घाटंजीपासून पार पुसदपर्यंत घरावर झुकलेली, विजेच्या तारांत शिरलेली झाडं उतरवायला लोक त्यालाच बोलवायचे. कमरेला कुऱ्हाड खोचून तो झाडावर असा चढायचा, की खाली उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. हाताखाली चढणाऱ्यांची टोळी, आणि दोर धरायला धाकटा भाऊ नामदेव. मोतीराम दारू प्यायचा आणि प्यायला की पंचफुलाबाईला मारायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही म्हणत नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं, त्याचंही निमित्त त्याला पुरायचं.

एका गावात शाळेजवळची काटेसावर उतरवताना तो वरून पडला. पाठीचा कणा मोडला. नागपूरच्या दवाखान्यातून परत आला तो खाटेवरच. कमरेखाली काही उरलं नव्हतं.

नातेवाईक जमलेले असताना, चहा सुरू असताना पंचफुलाबाईनं त्याला विचारलं, "दोर कोनं बांधला होता?"

मोतीरामनं डोळे मिटून घेतले. तिनं नामदेवकडे पाहिलं. नामदेवनं मान खाली घातली. तिला तेवढं पुरलं. त्याच आठवड्यात तिनं नामदेवला बायकोसकट घराबाहेर काढलं. त्याची भांडी तिनं स्वतः उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली, एकेक, न आपटता. टोळीतल्या बाकीच्यांनाही सांगितलं, "आजपासून माह्या कामावर माणूस झाडावर चढणार नाही. मशीन चढीन. तुमी दुसरं काम पाहा." त्यातल्या एकानं विचारलं, आम्ही खायचं काय. ती म्हणाली, "मोतीराम काय खाते थे पाहून या. आत खाटेवर हाये."

त्या दिवसापासून तिनं नवऱ्याला 'तुमी' म्हणणं सोडलं. इतकी वर्षं 'अवो, तुमी' चाललं होतं, आता 'तू'. आमच्याकडे लोकांना मारहाण ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. गल्लीत पंधरवडाभर तोच विषय होता.

माहेरहून वाट्याला आलेलं वावर, म्हणजे शेत, तिनं विकून टाकलं. तिचा भाऊ रागावून यायचा बंद झाला. अंगावरचं सोनं मोडलं, आणि एक दिवस सकाळीच गॅरेजात आली. "मिस्तरी, चाल. क्रेन पाह्याची हाये राजूरले."

राजूरला कोळशाच्या डेपोत वापरून दमलेल्या क्रेन एका व्यापाऱ्याच्या आवारात विकायला उभ्या होत्या. व्यापारी सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होता. तिला पाहून मला म्हणाला, "घरी माणूस नाही काय?"

"हाये," तीच म्हणाली. "झोपून हाये."

त्यानं पहिलीच क्रेन दाखवली. इंजिन एकदम भारी, हायड्रॉलिक नवं, एका मालकाची. पंचफुलाबाईनं चाकांवर हात फिरवला, बूमच्या लांब लोखंडी हातावर फिरवला, पंपावर फिरवला. मग आवारात पडलेला काँक्रीटचा एक मोठा ठोकळा हुकाला लावून उचलायला सांगितला. ऑपरेटरनं उचलला. ठोकळा वर जाऊन हळूहळू फिरू लागला.

"आता तुमी खाली उभे राहा," ती व्यापाऱ्याला म्हणाली.

"मी?"

"चांगली हाये म्हणून राह्यले ना तुमी."

तो हसला, ऑपरेटर हसला, मीही हसलो. ती हसली नाही. व्यापारी म्हणाला, बाई, अशी कुठं मशीन पाहतात का. ती पुढच्या क्रेनकडे गेली. तिथंही तेच. पुन्हा पुढच्या क्रेनकडे. आवारातले हमाल काम सोडून गोळा झाले. आता मागं सरलं तर सगळी इज्जत जाईल हे व्यापाऱ्याला कळलं. एका क्रेनखाली तो जाऊन उभा राहिला. डोक्यावर काँक्रीट.

पंचफुलाबाईनं त्याला लगेच सोडलं नाही. आधी नळावर जाऊन हात धुतले. मग दोन पावलांवर उभं राहून त्याची चौकशी करू लागली. लेकरं किती? कोणत्या शाळेत जातात? आई आहे का? आईची तब्येत कशी? तो उत्तरं देत होता आणि त्याचा शर्ट अंगाला चिकटत चालला होता. वरच्या सिलिंडरमधून तेलाचा एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला. त्यानं डोळे गच्च मिटले, तोंडातला खर्रा गिळून टाकला.

"ऑइल गळते," ती म्हणाली. "सील बदलून द्या. बाकी चांगली हाये."

क्रेन घरी आली तेव्हा लोक लिंबू-मिरची घेऊन आले. तिनं गाडीसमोर त्रिशरण म्हटलं, लिंबं गोळा करून घरात नेली आणि आलेल्यांना सरबत दिलं. चाकाखाली एकही ठेवलं नाही.

क्रेन चालवायला ती स्वतः शिकली. मग बकेटची गाडी घेतली. म्हणजे ट्रकवर लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला माणूस उभा राहील असा पिंजरा. त्यात चढून तिचा कामगार चेनसॉनं फांद्या कापायचा, क्रेन त्या अलगद खाली उतरवायची. ना कौल फुटायचं ना तार तुटायची. नगरपरिषदेची कामं, वीज कंपनीची कामं, पुसदच्या बंगल्यांची कामं तिला मिळू लागली. जुने चढणारे तिच्यापेक्षा स्वस्तात कामं घ्यायचे, पण एखाद्याचं घर पडलं की मालक तिच्याकडेच यायचे. मग ती त्यांना दारात उभं करायची आणि आधी कोणाला दिलं होतं काम, ते पूर्ण नावानिशी वदवून घ्यायची.

ती झाड शक्यतो मुळापासून तोडायची नाही. धोक्याच्या फांद्या तेवढ्या काढायची, ढोली साफ करायची, झुकलेल्याला लोखंडी टेकू द्यायची. पुसदच्या एका महाविद्यालयात त्यासाठी तिचा सत्कार ठेवला. प्राचार्यांनी भाषणात तिला वृक्षमाता म्हटलं. शाल पांघरून ती माईकपाशी गेली. "मी माता नाही," म्हणाली. "तोडलेलं झाड एकदाच पैसा देते. छाटलेलं झाड दरवर्षी देते. बैल कापून कोनी खाते काय?" आणि खाली येऊन बसली. शाल नंतर तिनं मोतीरामच्या खाटेवर अंथरली, कारण खालची सतरंजी वास मारत होती.

मोतीरामची खाट तिनं घराच्या पुढल्या पडवीत ठेवली होती, नेमकी दोन्ही गाड्यांसमोर. त्याला दिवसभर दुसरं काही दिसूच नये अशी. सकाळी कामावर निघण्याआधी त्याला धुणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं ती स्वतः करायची. कोणाला हात लावू द्यायची नाही. आणि हे करता करता बोलायची. "तुह्या दोन पायापेक्षा माह्ये चाकं बरे. दारू मांगत नाही. हात उचलत नाही. उचलते तं वजन उचलते." तो आधी शिव्या द्यायचा. मग नुसता ऐकायचा. मग आलेल्या-गेलेल्यांसमोर तिच्याच बोलण्यावर हसू लागला. ते हसणं पाहवत नसे. मी गाडीखाली असलो तर बाहेर यायचो नाही.

एका उन्हाळ्यात दुपारी वादळ आलं आणि पुसद रस्त्यावर झाडं आडवी झाली. नामदेव एव्हाना आपली लहानशी टोळी करून तीच कामं करत होता. अर्धवट उन्मळलेला एक कडुनिंब कापताना खोड मधोमध फाटलं आणि त्याच्या पायावर बसलं. माणसांच्यानं ते हलेना. जवळपास क्रेन एकच होती. कोणीतरी तिला फोन केला. ती लगेच निघाली, जाताना मला साखळ्यांसकट उचललं.

नामदेव मातीत पालथा पडला होता. एक पाय गुडघ्यापासून खाली खोडाखाली. मी साखळी खोडाला बांधली. ती क्रेनवर बसली, लिव्हर ओढला, साखळी ताणली गेली, खोड करकरलं. आणि तिनं हात थांबवला. इंजिन सुरूच.

केबिनमधून वाकून ती म्हणाली, "नामदेव."

"उचला वो वहिनी!"

"सावरीवर दोर कोनं बांधला होता?"

आधी कोणाला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा गर्दीत ओरडा झाला. एक गुरुजी पुढं येऊन म्हणाले, "बाई, माणूस मरून राह्यला!"

"म्हणूनच विचारून राह्यली," ती म्हणाली. "धडधाकट होता तवा बोलला नाही."

नामदेवनं माती मुठीत धरली. "कोनीच नाही बांधला, वहिनी. दादानं बांधूच नाही देल्ला. पेऊन होता. म्हणे मले दोर कायले लागते."

"अन् तू काहून चूप होता?"

"दादानं डोये मिटले. मी काय बोलू?"

तिनं लिव्हर ओढला. इतकं जड खोड तिनं असं उचललं की सालही घासली नाही. सरळ वर, आणि मग बाजूला. इतकं साफ काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, खोड पडलं तेव्हाच पाय गेला होता. लोक म्हणतात, तिनं थांबवलं म्हणून गेला. दोन्ही बाजू छातीठोक बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे बकेटच्या गाडीचा होजपाइप बदलून नुकताच हात पुसत होतो. तिनं मोतीरामला अंघोळ घातली, दूध-भाकर भरवली, केसांना तेल लावून भांग पाडला. मग ड्रायव्हरला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बकेटमध्ये बसवलं. छातीवरून, कमरेवरून पट्टे तिनं स्वतः आवळले, ओढून पाहिले. मोतीराम हसत होता. त्याला वाटलं असावं, आज कुठं फिरायला नेत आहेत.

तिनं त्याला वर नेलं. पडवीच्या वर, कौलांच्या वर, अंगणातल्या निंबाच्याही वर. तिथं गाडी थांबवली. रस्त्यानं जाणारे थांबले, समोरच्या गच्चीवर बाया आल्या.

"दोर कोनं बांधला होता?" तिनं खालून विचारलं. आवाज चढवायची सवय नव्हती, तो चिरकला.

तो ओरडायला लागला. उतरव म्हणाला, घाणेरड्या शिव्या दिल्या, मग तिच्या आईची शपथ घातली. ती खाली उभी. शेवटी वरून आला तो आवाज रडण्याचा होता. "मीनंच नाही बांधला! नाही बांधला मी!"

"मंग भावाले घरातून काढलं तवा काहून नाही बोलला?"

मग तो काहीतरी बोलला, पण हळू. ती इंजिनापाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. ती माझ्याकडे वळली. "काय म्हणे?"

मी गाडीच्या हाताला टेकून उभा होतो, मला ऐकू आलं होतं. सांगावं लागलं. "म्हणते, खरं सांगतलं तं तू मले घरात ठेवशील का नाही, म्हणून."

तिनं इंजिन बंद केलं. घरात गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला. चहा करून, तो पिऊन, कप विसळून ती बाहेर आली, तोवर मोतीराम वरच होता. खाली आणला तेव्हा त्याचे कपडे ओले झाले होते. तिनं आम्हा सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं आणि त्याला पुन्हा अंघोळ घातली. फाटकाबाहेर आम्हाला फक्त पाण्याचा आवाज येत होता.

नामदेवला तिनं दवाखान्यातून थेट घरी आणलं. जुनी खोली उघडून दिली. त्याच्या बायकोनं दारातच अडवलं, "आधी माफी मांगा आमची." पंचफुलाबाई म्हणाली, "माफी मांगून पाय येते काय?" आणि नामदेवच्या हातात शिट्टी दिली. "पाय एक हाये, हात दोन हायेत. क्रेनले इशारा हातानं करतात. सोमवारपासून ये." तो आला. कुबडीवर उभा राहून एका हातानं वर, खाली, थांब असे इशारे करायचा आणि ती त्याच्या इशाऱ्याशिवाय लिव्हरला हात लावायची नाही. कामापलीकडे दोघं एकमेकांशी बोलत नसत.

नवल झालं ते मोतीरामचं. मला वाटलं होतं, हा माणूस आता पार मोडला. पण काही दिवसांनी मी गेलो तर त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, "मिस्तरी, वरून नदी दिसते राजा. वाघाडी. पलीकडचे आंबे दिसतात. लई दिवसानं वरून पाह्यलं." त्याचे डोळे वेगळेच झाले होते. "तिले सांग ना. एक डाव आखीन वर ने म्हणा."

मी सांगितलं. ती चाकात हवा भरत होती. "डिझेल लागते," म्हणाली.

तो रोज विचारू लागला. संध्याकाळी गाडी अंगणात आली, की खाटेवरून हात वर करायचा. "आज नेतं काय वो?" तोच आता तिला 'अवो' म्हणू लागला होता. आणि ती, पायातले बूट काढत, रोज तेच. "डिझेल लागते." नामदेवनं एकदा मध्ये पडून पाहिलं. म्हणाला, वहिनी, माह्या मजुरीतून कापा डिझेल. तिनं त्याच्या एकुलत्या पायाकडे पाहिलं आणि घरात गेली. मोतीराम थंडीत वारला. त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यानं विचारलं होतं. त्या दिवशी मी तिथंच होतो. उत्तरही तेच होतं.

ती रडली नाही. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांना चहा दिला, भंतेजींना दान दिलं, आणि तिसऱ्या दिवशी क्रेन कामावर निघाली. नामदेव मात्र निघाला नाही. बायको, बोचकं आणि कुबडी घेऊन फाटकात उभा होता. "आता कोनासाठी राहू, वहिनी?"

ती म्हणाली, "शिट्टी ठेवून जा."

त्यानं शिट्टी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गेला. ड्रायव्हर टिकत नव्हतेच. हळूहळू बकेटची गाडी उभी राहिली. मग एकटी क्रेन तेवढी राहिली, आणि ती.

तिला शेवटचं पाहिलं ते पांढरकवड्याच्या रस्त्यावर. चिंचेचं एक झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग लागली होती. मी त्या रांगेत अडकलो होतो म्हणून पुढं चालत गेलो. पंचफुलाबाई एकटीच काम करत होती. केबिनमधून उतरायची, साखळी खोडाला गुंडाळायची, हुक लावायची. पुन्हा वर चढायची, लिव्हर जरासा ओढायची. खोड नीट उचललं जातंय का हे केबिनमधून दिसत नव्हतं म्हणून पुन्हा उतरून वाकून पाहायची. पुन्हा चढायची. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. काही जण बाजूला उभे राहून मोबाइलवर तिचं चित्रण करत होते. त्यांच्यातला एक जण पुढं झाला तर तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि तो मागं सरला.

मी जवळ जाऊन उभा राहिलो, हात वर करून इशारा देऊ लागलो. तिनं तो घेतला नाही. तिच्या पद्धतीनं, उतरून-चढून, तिनं खोड बाजूला केलं. रस्ता मोकळा झाला. गाड्या सुरू झाल्या. ती क्रेनच्या पुढच्या चाकाला टेकून पदरानं मान पुसत होती. फार थकलेली दिसली. शर्टाचं कोपर फाटलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "इशाऱ्याले एखादा माणूस ठेवा ना."

"ठेवला का त्याले शिव्या द्या लागते," ती म्हणाली. "आता माह्याच्यानं होत नाही."

मग ती केबिनच्या पायरीवर चढू लागली. एक पाय वर ठेवला आणि थांबली, दम घेतला. मी हात पुढं केला. तिनं तो पाहिला. पायरीवरून खाली उतरली, क्रेनला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूनं चढली.